एका कॉलेजला एकच नाव

लॉरेन टेट्रोच्या खोलीचं दार वाजवायची कुणाला गरज पडत नसे. एक तर ते उघडंच असे, आणि दुसरं म्हणजे तिथला हीटर इतका खडखडत असे की वाजवलेलं ऐकूच आलं नसतं. नॉर्थ कोव्ह हायस्कूलच्या त्या खोलीत लॉरेनने एकतीस वर्षं काढली. खिडकीतून बंदराचा एवढासा तुकडा दिसे, टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा असे, आणि समोरच्या खुर्चीत शेवटच्या वर्षाचं कुणी ना कुणी पोर नखं कुरतडत बसलेलं असे. पुढं कुठल्या कॉलेजला जायचं हे ज्या पोरांना कळत नाही आणि ज्यांच्या आईबापांनाही कळत नाही, त्यांना वाट दाखवायची हे तिचं काम. शाळेत असे कौन्सेलर दोन. आडनावांची वाटणी होती: अर्धी वर्णमाला तरुण ग्रेग डॉइलकडे, एमपासून पुढची सगळी लॉरेनकडे.

ती स्वतः याच शाळेत शिकली. बाप गिरणीत, आई त्याच गिरणीच्या खानावळीत. शेवटच्या वर्षी ती तेव्हाच्या कौन्सेलरबाईंकडे गेली, तर बाईंनी मान वर न करता सांगितलं, "टायपिंग शीक. तुमच्यातल्या मुलींना बरं पडतं." लॉरेनला काय हवंय ते बाईंनी विचारलंसुद्धा नाही. पुढं दिवसा टायपिंग करत, संध्याकाळच्या वर्गांत शिकत, नऊ वर्षांनी ती पदवी घेऊन परत आली आणि त्याच बाईंच्या खुर्चीत बसली. त्या बाईंवरचा राग तिने आयुष्यभर जपला. "मी आधी विचारते," असं ती नव्या शिक्षकांना बजावून सांगायची.

आमच्या गावात ऑक्टोबर लागला की घराघरांत एकच विषय. नावाजलेल्या कॉलेजांत शिरायला दोन दरवाजे आहेत. एक जानेवारीचा, तिथे सगळी दुनिया रांगेत उभी. दुसरा नोव्हेंबरच्या एक तारखेचा. त्यातून एकाच कॉलेजला अर्ज करता येतो, आणि सोबत लिहून द्यावं लागतं की तुम्ही घेतलंत तर मी येणारच, बाकी सगळीकडून नाव काढून घेईन. खाली पोराची सही, पालकाची सही आणि कौन्सेलरची सही. इतकं बांधून घेतल्यावर कॉलेजंही सढळ होतात, म्हणून या दारातून आत जायची आशा दुपटीने. गावात याला सगळे 'शब्दाचा अर्ज' म्हणतात. हा एक अर्ज कुठं टाकायचा, यावर नवराबायको अबोला धरतात.

आताशा सह्या संगणकावर होतात. लॉरेनचं त्यावर समाधान नव्हतं. ती पोराला समोर उभं करून ते वचन खणखणीत आवाजात वाचायला लावायची आणि मग टेबलावरून हात पुढं करायची.

"दिलास शब्द?"

"दिला."

पोरं आत येताना हसत येत, पण हात देताना गंभीर होत. चाळिशीला आलेली माणसंही वाण्याच्या दुकानात भेटली की तिला त्या हाताची आठवण सांगत.

तिची आणखी एक रीत होती, आणि तिचाही तिला तेवढाच अभिमान होता. सप्टेंबरच्या शेवटी मुख्याध्यापक आणि दोन्ही कौन्सेलर एका लांब टेबलाभोवती बसत. पिवळ्या चिठ्ठ्या मांडत. चिठ्ठीवर पोराचं नाव, वर कॉलेजचं नाव. एकाच कॉलेजखाली दोन चिठ्ठ्या आल्या की एक उचलून दुसरीकडे ठेवायची. एका कॉलेजला एकच नाव. आपलीच दोन पोरं एकमेकांच्या पायात कशाला, असा साधा हिशेब. मग ज्याची चिठ्ठी हलली त्या पोराला बोलवून लॉरेन मायेने सांगायची, "मला वाटतं, तुझ्यासाठी अमुक कॉलेज जास्त बरं." चिठ्ठ्यांचं कधीच सांगत नसे. पोरं तिचं ऐकत. मिसेस टेट्रोंना कळतं, असं गाव म्हणे, आणि तिलाही ते पटलेलं होतं.

त्या वर्षी तिच्याकडे इडालिना मेडेरोस होती. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेल्या कोळ्यांपैकी एकाची मुलगी. बाप शिंपल्यांच्या बोटीवर, दहा-दहा दिवस समुद्रात. आई फातिमा धक्क्यावरच्या मासळीच्या कारखान्यात. पोरीला लहानपणापासून एकच वेड: समुद्राच्या तळाचे नकाशे. बाप कुठं जाळं टाकतो, तिथं चिखल लागतो की वाळू, खडक कुठं, शिंपले कुठं, हे त्याच्या ओल लागून फुगलेल्या वह्यांतून वाचून तिने बारा वर्षांचा तळ कागदावर उतरवला होता. थॉर्नबरी कॉलेजकडे स्वतःचं संशोधनाचं जहाज होतं आणि दुसऱ्या वर्षापासूनच मुलांना त्यावर नेत. इडालिना बसने दोन वेळा तिथं जाऊन आली होती. दोन्ही वेळा वर्ग बघायचे सोडून ती धक्क्यावर उभी राहून जहाजच बघत बसली.

"मिसेस टेट्रो, मला दुसरं काहीच नकोय हो," ती म्हणाली होती. "जानेवारीत कुठंही टाका. शब्द द्यायचा तर थॉर्नबरीलाच."

लॉरेनने चिठ्ठीवर तसं लिहिलं. शाळेत त्या वर्षी तिच्याइतके मार्क कुणाला नव्हते.

चिठ्ठ्यांच्या बैठकीत थॉर्नबरीखाली एकच चिठ्ठी होती, इडालिनाची. मुख्याध्यापक नील व्हिटकोम यांनी ती बघितली आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"लॉरेन, थॉर्नबरी यंदा नको. तो डॉक्टरांचा मुलगा आठवतो ना, गेल्या वर्षीचा? शब्द देऊन, त्यांनी घेतल्यावर दुसरीकडे पळाला तो. उन्हाळ्यात मला फोन होता त्यांचा. फार चिडलेत. यंदा आपल्या शाळेतून जो अर्ज करील त्याचं काही खरं नाही. पोरीची एकच संधी आहे. वाया घालवू नको."

डॉक्टरांच्या मुलाचं खरंच होतं. त्याने शब्द मोडला तेव्हा लॉरेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यामुळे बाकीचंही तिला खरं वाटलं. ग्रेग खाली बघून आपल्या चिठ्ठ्या नीट करत होता. लॉरेनने इडालिनाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने उचलली आणि वॉरेल कॉलेजखाली ठेवली. वॉरेल चांगलं होतं. डोंगरात, झाडीत. पाणी म्हणाल तर मधोमध एक तळं, त्यात बदकं.

इडालिनाला तिने डॉक्टरांच्या मुलाचं सगळं सांगितलं. पोरगी खिडकीतल्या बंदराकडे वळली. "दुसऱ्याने शब्द मोडला आणि राग माझ्यावर?" एवढंच तिने विचारलं. मग ऑक्टोबरच्या मध्यावर तिने वॉरेलचं वचन खणखणीत वाचलं आणि लॉरेनच्या हातात हात दिला.

ऑक्टोबरच्या तीस तारखेला, जेवणाच्या सुट्टीत, ग्रेग डॉइल सँडविच चावत लॉरेनच्या दारात आला. "लॉरेन, एक विचारायचं होतं तुम्हाला. थॉर्नबरीच्या फॉर्मवर शाळेची माहिती कुठं भरायची? मी पहिल्यांदाच भरतोय, मला काही सापडेना."

"थॉर्नबरीचा फॉर्म? कुणाचा?"

"पेटन आल्ड्रिचचा."

पेटन म्हणजे शाळा-समितीच्या अध्यक्ष आल्ड्रिचबाईंची मुलगी. आडनाव ए, म्हणजे ग्रेगकडची.

"जानेवारीचा ना?"

"नाही, शब्दाचा." ग्रेगचं चावणं थांबलं. "नीलने तुम्हाला सांगितलं नाही? मला म्हणाला, चिठ्ठी मांडू नकोस, मी बघतो. मला वाटलं, तुमचं बोलणं झालंय."

लॉरेनने त्याला जा म्हणून खूण केली आणि थॉर्नबरीला फोन लावला. अर्जांचं बघणारी बाई ओळखीची निघाली. ती हसलीच. "राग? एका मुलासाठी अख्ख्या शाळेवर? इथून तुमच्याकडे कुणी फोनच केलेला नाही, मिसेस टेट्रो. आणि हो, ती नकाशांवाली मुलगी कुठाय? उन्हाळ्यात येऊन आमच्या कप्तानाचं डोकं खाऊन गेली होती. तिचा अर्ज अजून दिसला नाही."

लॉरेनने फोन ठेवला. एकतीस वर्षांत ती कधी शाळेच्या व्हरांड्यातून धावली नव्हती. त्या दिवशी धावली.

"नील, थॉर्नबरीचा फोन तुला कधी आला होता?"

"आता कुठं आठवणार? उन्हाळ्यात कधीतरी."

"कुणाचा?"

व्हिटकोम उठला आणि त्याने दार लावून घेतलं. "बस, लॉरेन."

"बसायला आले नाही मी. आत्ता बोलले त्यांच्याशी. तुला फोनबीन काही आला नव्हता. खोटारड्या!"

"हळू बोल. बाहेर पोरं आहेत."

"पोरांना ऐकू दे! त्यांचंच चाललंय!"

व्हिटकोमने सुस्कारा सोडला. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता, म्हणून तर जास्त चीड येते. कुणाला दुखवायचं नसलं की तो जो गप्प बसेल त्यालाच दुखवायचा. "आल्ड्रिचबाईंच्या टेबलावर नव्या प्रयोगशाळेचा प्रस्ताव पडलाय," तो म्हणाला. "सहाशे पोरांना उपयोगी पडणारी प्रयोगशाळा. बाईंच्या मुलीला थॉर्नबरी हवंय. दोघींची नावं गेली असती तर तुझी पोरगी पुढं जाणार, हे तुलाही ठाऊक आहे. मग मी काय करायचं होतं? आणि वॉरेल काही उकिरडा नाही."

"मग पेटनला पाठव की वॉरेलला! बदकं आवडत नाहीत का तिला?"

"चिठ्ठी कुणी हलवली, लॉरेन?"

तिने दाराची मूठ धरली.

"मी हातसुद्धा लावला नाही," व्हिटकोम म्हणाला. "आणि एका कॉलेजला एकच नाव, हा नियम तरी माझा आहे का? सहा वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा तूच मला शिकवलास. दरवर्षी तू कुणाला ना कुणाला हलवतेस. यंदा मी हलवायला लावलं."

"मी पोरांशी खोटं बोलले नाही कधी."

"खरंही सांगितलं नाहीस."

हे तिला झोंबलं. पण राग काही कमी झाला नाही, उलट दोन वाटांनी पेटला. तिने दार उघडलं आणि बाहेर पोरं होती तरी मोठ्याने म्हणाली, "इडालिना मेडेरोस थॉर्नबरीला अर्ज करणार आहे. अडवून दाखव."

मेडेरोस मंडळी धक्क्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहत. लॉरेन पोचली तेव्हा पाच वाजले होते. फातिमा नुकतीच कामावरून येऊन लिंबाच्या फोडीने हात घासत होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर इडालिनाने बापाच्या वह्या पसरल्या होत्या. लॉरेनला बघून तिचा चेहरा उतरला.

"मिसेस टेट्रो? माझ्या अर्जात काही चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलंय." आणि लॉरेनने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, पेटन, खोटा फोन, आणि आपण स्वतःच्या हाताने चिठ्ठी कशी हलवली तेही. काही राखून ठेवलं नाही.

फातिमाने लिंबाची फोड ओट्यावर आपटली. "एकवीस वर्षं मासे साफ करतेय मी, सेन्योरा. खराब मासा आला की मी तो बाजूला काढते. तुमच्या शाळेत चांगला बाजूला काढतात होय? आणि त्याला म्हणायचं नियम? त्या अध्यक्षीणबाईंना सांगा, तुमच्या पार्टीतले शिंपले हिचा बाप काढतो! हात गोठवून काढतो! खाताना बरा लागतो ना तो?"

"आई, थांब ना जरा." इडालिना लॉरेनकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि ते लॉरेनला जास्त जड गेलं. "तुम्ही आज थॉर्नबरीला फोन केलात. किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं."

"मग सप्टेंबरमध्ये का नाही केलात?"

मुख्याध्यापकांच्या शब्दावर भरवसा ठेवला, हे म्हणायला ती गेली, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला वाटलं, मला कळतं."

फातिमाने एक खुर्ची ओढून तिच्यापुढं सरकवली. राग होता, पण पाहुण्याला उभं ठेवायची त्या घराची पद्धत नव्हती. वर गोड पावाचा एक जाड कापही समोर आदळला. लॉरेन बसली.

"अजून दोन दिवस आहेत," ती म्हणाली. "वॉरेलचा शब्द एक तारखेपर्यंत काढून घेता येतो. नियमात बसतं. आज थॉर्नबरीचा अर्ज भरू."

इडालिना हलली नाही. "नियमात बसत असेल. पण मी तुमच्या हातात हात दिलाय. आणि शब्द मोडणाऱ्या एका पोरामुळं कॉलेज सगळ्या शाळेवर रागावलं, असं तुम्हीच सांगितलं होतं. मी मोडला तर पुढच्या वर्षी वॉरेल कुणावर रागावेल?"

लॉरेनला रडूच आलं. ज्यांनी खोटं रचलं ते मजेत होते, आणि त्या खोट्याचं ओझं ही सतरा वर्षांची पोर पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी वाहायला निघाली होती.

"कुणी रागावत नाही गं," ती म्हणाली. "तेही खोटंच होतं. आणि तो शब्द तुझा नव्हताच. माझा होता, मी तुझ्या तोंडून वदवून घेतला. वॉरेलला पत्र मी लिहिते. माझ्या नावाने. चूक माझी, असं स्वच्छ लिहिते. त्याची एक प्रत व्हिटकोमला आणि एक समितीला."

"तुमची नोकरी?" फातिमाने विचारलं.

"दोन वर्षं राहिलीत. काढा म्हणावं."

फातिमाने पावाचा दुसरा काप काढला. हा मात्र तिने आदळला नाही. "पोरी, वह्या उचल आणि संगणक आण," ती म्हणाली. "बाप समुद्रात आहे. सही मी करते."

दुसऱ्या दिवशी, हॅलोविनसाठी शाळेत सगळे भुताखेतांचे मुखवटे घालून हिंडत असताना, इडालिना वचन वाचायला लॉरेनच्या खोलीत आली. हीटरवाला रेमंड सोआरेस तिथे होता. शाळेचा बॉयलर आणि सगळे हीटर तोच बघायचा. वीस वर्षांपूर्वी तोही याच खोलीत नखं कुरतडत बसलेला, लॉरेनच्याच हाताखालून गेलेला पोरगा. तो पाना घेऊन हीटरखाली आडवा झाला होता. "मी जाऊ का बाहेर?" त्याने विचारलं. "राहू दे," लॉरेन म्हणाली.

इडालिनाने वाचलं. तुम्ही घेतलंत तर मी येणारच, बाकी सगळीकडून नाव काढून घेईन. हीटरखालची ठोकठोक थांबली होती. लॉरेनने सवयीने हात पुढं केला.

इडालिनाने त्या हाताकडे बघितलं. "हा शब्द मी त्यांना दिलाय, मिसेस टेट्रो," ती हळूच म्हणाली आणि दप्तर उचलून गेली. लॉरेनचा हात टेबलावर तसाच राहिला. रेमंडने पुन्हा पाना चालवायला घेतला.

पत्राचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. वॉरेलने दोन ओळींचं सभ्य उत्तर पाठवलं. समितीने प्रत मिळाल्याची पोचसुद्धा दिली नाही. व्हिटकोम व्हरांड्यात भेटला की छताकडे बघू लागला.

डिसेंबरच्या मध्यावर, दुपारी, थॉर्नबरीचा निकाल आला. इडालिनाला घेतलं. पेटनलाही घेतलं.

दोघींना. हे कळल्यावर फातिमा कारखान्यातल्या रबरी बुटांनिशी शाळेत आली आणि तिने लॉरेनला इतकं घट्ट आवळलं की तिच्या स्वेटरला चार दिवस मासळीचा वास होता. इडालिना दारात उभी राहून हसत होती. "बाबांना वायरलेसवरून सांगितलं," ती म्हणाली. "ते म्हणाले, तुमच्या जहाजाला सांग, आमच्या जाळ्यांपासून लांब राहा." त्या दिवशी तिने आपणहून लॉरेनचा हात हातात घेतला. एवढ्यावर थांबता आलं असतं तर लॉरेन सुखी झाली असती.

पण संध्याकाळी समितीच्या सभेत व्हिटकोमने केक आणला. केकवर दोन्ही पोरींची नावं. आल्ड्रिचबाई टाळ्या वाजवत होत्या. व्हिटकोमने घसा साफ केला आणि म्हणाला, "एकाच वर्षी थॉर्नबरीला आपल्या दोन मुली! हे आमच्या काटेकोर नियोजनाचं फळ आहे." आणि त्याने लॉरेनकडे हात केला. लोक तिच्याकडे बघून टाळ्या वाजवू लागले.

"नियोजन?" लॉरेन उभी राहिली. "या पोरीला थॉर्नबरीपासून लांब ठेवायचं नियोजन झालं होतं. सुरीने तिचं नाव केकवरून काढायचं तेवढं राहिलंय. टाळ्या वाजवायच्याच असतील तर तिने वाजवल्यावर वाजवा." ती केक न खाता निघून आली. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या, पण नंतर लोकांनी केक खाल्ला, असं ग्रेगने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत आली ती थेट आपल्या कपाटापाशी. वरच्या फळीवर लिफाफे होते, वर्षावर्षाचे, त्यांत जुन्या पिवळ्या चिठ्ठ्या. तिने कधी काही फेकलं नव्हतं. दोघींना घेतलं. म्हणजे दोन नावं गेली तर एक पडतं, हे कुणी ठरवलं होतं? कुणी तिला सांगितलं होतं? कुणीच नाही. तिने कधी विचारलंच नव्हतं. ती लिफाफे एकेक करून उघडत गेली. रंग उडालेल्या चिठ्ठ्या, आणि वरचं कॉलेजचं नाव खोडून तिच्याच अक्षरात लिहिलेलं दुसरं.

एका चिठ्ठीशी ती थांबली. सोआरेस, रेमंड. थॉर्नबरी खोडलेलं. त्या वर्षी थॉर्नबरीखाली ठेवलेलं नाव एका दंतवैद्याच्या मुलाचं होतं. त्यालाही घेतलं नव्हतं. आणि रेमंडला तिने जिथं पाठवलं, तिथं रेमंडला घेतलं नव्हतं. जानेवारीपर्यंत त्याचं मन उडालं होतं. वसंतात तो मामाबरोबर बॉयलर दुरुस्त करायला लागला.

तो खोलीतच होता, हीटरपाशी. "बाई, याचा व्हॉल्व्ह गेलाय," तो सांगत होता. "नवाच घालायला हवा."

"रेमंड, तुला थॉर्नबरी हवं होतं."

त्याने मान वर केली. तिच्या हातातली चिठ्ठी त्याला दिसली. "होतं की."

"दुसऱ्या कुणाचं नाव होतं तिथं. म्हणून मी तुझं हलवलं. तुझ्यासाठी दुसरं बरं, असं तुला सांगितलं. ते तसं नव्हतं. फक्त दोन नावं नकोत, एवढंच होतं."

रेमंडने फडक्याला हात पुसले. एक बोट पुसून झालं की दुसरं, असे सावकाश पुसले.

"मला वाटायचं, तुम्हाला माझ्यात काहीतरी कमी दिसलं असेल," तो म्हणाला. "आम्हाला न दिसणारं. तुम्हाला कळायचं ना सगळं. मीही म्हटलं, असेल. वीस वर्षं तसंच धरून चाललो."

"काही कमी नव्हतं रे. काहीसुद्धा नव्हतं."

"हं." त्याने फडकं खिशात कोंबलं. "माझी कार्ला पुढच्या वर्षी या शाळेत येतेय. आडनाव एस. म्हणजे तुमच्याकडे. तुम्ही असाल तोवर." जरा थांबून तो म्हणाला, "तिला कुठं जायचंय ते तिला विचारा, मिसेस टेट्रो. आणि ती सांगेल ते लिहा." आवाजात राग नव्हता. मग तो पुन्हा खाली वाकून हीटरची झाकणी काढू लागला.

लॉरेन उभी होती. मान वर न करता टायपिंग शीक म्हणणाऱ्या बाईंचा राग तिने चाळीस वर्षं मिरवला होता. त्या बाईंनी निदान तोंडावर सांगितलं होतं. तिने तर बिस्किटाचा डबा पुढं करून, हातात हात घेऊन तेच केलं होतं, आणि वर पोरांनी तिचे आभार मानले होते. तिला स्वतःची इतकी चीड आली की हातातला लिफाफा चुरगळला.

मग तिने तो टेबलावर ठेवून तळहाताने सरळ केला. सगळे लिफाफे खाली काढले, वर्षांप्रमाणे लावले, आणि शाळेचं जुन्या विद्यार्थ्यांचं पत्त्यांचं पुस्तक उघडलं. पहिल्या चिठ्ठीवरच्या नावाचा नंबर बंद होता. दुसरा लागला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, मागे भांड्यांचा आवाज.

"मी लॉरेन टेट्रो बोलतेय, नॉर्थ कोव्ह हायस्कूलमधून," ती म्हणाली. "तुला एक सांगायचं राहून गेलं होतं. पाच मिनिटं आहेत का?"